अव्वाला गाडी लागते

उद्यमनगर, कोल्हापूर
जून २००६

प्रिय अक्षू,

फोनच केला असता, पण आपल्या घरातला फोन अव्वाच्या खुर्चीशेजारी आहे आणि तिचे कान अजून तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत. शिवाय फोनवर तू 'हां, हां, बरं, ठेवू?' एवढंच बोलतेस. पत्राला तसं करता येत नाही. एकदा उघडलं की अक्का संपेपर्यंत ऐकावी लागते. तेव्हा चहा ठेव, संघप्रियाला शेजारी खेळायला पाठव आणि नीट बस. बातमी वाईट नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. लहानपणापासूनची खोड आहे तुझी.

तर माझी ही विजेवरची गाडी. फेब्रुवारीत ती बंगळूरहून ट्रकवर बसून आली तेव्हा तू नव्हतीस. मे महिन्यात आलीस तोवर तिची नवलाई उतरली होती. पहिल्या दिवशी मात्र दुकानासमोर अशी गर्दी, जणू कुणी पैलवान येणार आहे. त्यात आपलं दुकान इंजिन ऑइलचं. आप्पांनी ऑइल विकून आपल्या दोघींना शिकवलं, ते गेल्यावर मी तेच डबे रचत बसले, आणि त्याच दुकानाच्या दारात ऑइलचा थेंबही न पिणारी गाडी! मटणवाल्यानं माळ घालावी तसं दिसत होतं ते. शेजारचा जोतीराम गॅरेजवाला आठवतो ना, तुझ्या लुनाचा ब्रेक ज्यानं जन्मभर दुरुस्त केला? त्यानं पुढचं झाकण उघडलं, मागचं उघडलं, सीट उचलून खाली वाकून पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “अक्का, फसीवलं तुमास्नी. इंजिन बसवायचंच इसरल्यात.” चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, मी चावी फिरवली. आवाज नाही. लोक थांबले, आता सुरू होईल, मग सुरू होईल. गाडी लिंबं चिरडून कोपऱ्यापर्यंत गेली तरी मागून कुणीतरी विचारत होतं, “धक्का द्यायचा काय वो?”

त्या दिवसापासून मी ऑइल कमी विकते आणि उत्तरं जास्त देते. एका चार्जिंगमध्ये किती जाते, हा पहिला प्रश्न. कंपनी ऐंशी किलोमीटर म्हणते, असं सांगितलं की लगेच दुसरा, “आनि एक्याऐंशीवं आलं तर?” ज्या माणसाची मोटरसायकल आयुष्यात राजारामपुरीच्या पलीकडे गेलेली नाही, त्यालासुद्धा त्या एक्याऐंशीव्या किलोमीटरची काळजी. गेल्या वर्षीचा पूर लोकांच्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, त्यामुळे ही गाडी पुरात सापडली तर अख्खी पंचगंगा करंट मारेल काय, असंही एकानं फार गंभीरपणे विचारलं. भारनियमनात वीज गेली की चालती गाडी जागेवर थांबते, असं समजणारे तर निम्मे आहेत. त्यांना सांगितलं, अहो, वीज आत साठवलेली असते, तुमच्या टॉर्चसारखी. तर म्हणाले, टॉर्च पण ऐन वक्ताला बंदच पडतोय की. आता याला काय उत्तर आहे?

चपलांचा शोध मात्र फक्त आपल्याच गावात लागू शकतो. जोतीरामनं जाहीर केलं की विजेच्या गाडीत चामड्याची चप्पल चालत नाही, रबरी लागते. झालं! एकदा आण्णा ट्रान्सपोर्टवाले, एवढा मिशीवाला माणूस, मी स्टेशनपर्यंत सोडते म्हटल्यावर आपली करकर वाजणारी कापशी चप्पल पायरीवर काढून, जोतीरामच्या मोरीतल्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर घालून, धोतर सावरत गाडीत बसले. स्टेशनवर तसेच उतरले आणि तसेच मुंबईला गेले. तेव्हापासून दुकानाच्या पायरीवर रबरी स्लिपरचा एक जोड कायम असतो. देवळाच्या उलटा नियम. आत जाताना घालायच्या. मी दहा जणांना समजावलं, अकराव्यापासून सोडून दिलं. लोकांना उत्तर नको असतं गं, आपला प्रश्न शहाणपणाचा होता एवढंच ऐकायचं असतं.

समोरच्या चिमणाबाईनं सगळ्यांवर कडी केली. खिडकीतून वायर काढून मी गाडी चार्जिंगला लावली, की तिच्या लेखी गाडी सोवळ्यात. दारात उभी राहून ती गल्लीला राखण करते. “शिवू नका रं, शिवू नका! चिकटून बसशीला!” तिला म्हटलं, बाई, गाडीचं अंग प्लास्टिकचं आहे, वायरीला अर्थिंग आहे, मी रोज पुसते ना तिला? तर म्हणाली, तुमची गोष्ट येगळी, तुमी मालकीन. मला हसू आलं आणि नंतर आलं नाही. शिवू नको म्हणायला आपल्या लोकांना कारण लागत नाही अक्षू. उलट जो कारण विचारेल, तोच खुळा ठरतो. पण हे तुला मी काय सांगणार? तुझ्या घरात यावर माझ्यापेक्षा जास्त जाणणारी माणसं आहेत.

आता आपल्या आईकडे, अव्वाकडे येते. तू म्हणशील, हिला बरोबर आडवळणानंच यायचं असतं.

अव्वाला गाडी लागते, हे खोटं नाही. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही, एस.टी. स्टँडवर डिझेलचा वास आला की तिचा चेहरा पडवळासारखा व्हायचा. आप्पांना ती ऑइलच्या कपड्यांनिशी उंबरा ओलांडू द्यायची नाही. परसात बादली, शिकेकाई, मग घर. ते म्हणायचे, याच वासावर तुमचं घर चालतंय. ती म्हणायची, चालू दे, पन भाईर चालू दे. एवढं सगळं खरं. पण हेही खरं, की तू नागसेनशी लग्न केलंस त्याच्या पुढच्याच वर्षी ती ट्रॅव्हल्सच्या बसनं श्रीशैलला गेली. लिंबू हुंगत गेली आणि लिंबू हुंगत आली. देवाच्या वाटेवर डिझेलला वास नसतो बहुतेक. तुझं वारणानगर मात्र तिला तेव्हापासून लांब पडतं. आपले काका लोक त्या वेळी दारात येऊन बरंच काही बोलून गेले, लिंगायतात काय पोरं न्हवती काय, बौद्धाच्या घरात देताय व्हय, वगैरे. अव्वा त्यांनाही काही बोलली नाही आणि तुलाही नाही. ती भांडली असती तर मिटवता तरी आलं असतं. तिला गाडी लागली.

संघप्रियाच्या बारशाला गाडी लागली. नागसेनच्या कारखान्याच्या कॉलनीत तुम्हाला नवं क्वार्टर मिळालं तेव्हा लागली. संघप्रियाच्या प्रत्येक वाढदिवसाला लागली. तू पोरीला घेऊन इकडं येत राहिलीस, नागसेन येऊन चहा घेऊन गेला, अव्वा त्याला कधी वाकडा शब्द बोलली नाही. "पावणं, साखर हाय का बगा" असं आदरानं विचारते. पण तुझ्या घरचं पाणी तिनं अजून प्यायलेलं नाही. तू एकदाच विचारलं होतंस, "अक्का, ती कधीच येणार नाही का?" पुन्हा विचारलं नाहीस, आणि नागसेननं तर एकदाही नाही. म्हणून तुला आज सांगते. मी लोकांना पेट्रोलचा भाव सांगितला, धूर सांगितला, हवा सांगितली. हे सगळं बरोबरच आहे. पण ही गाडी मी घेतली ती तिला वास नाही म्हणून. म्हटलं, अव्वाची सबब काढून घ्यायची. बघू मग काय करते ती.

आता अव्वा कुणाची आई आहे, हे मी विसरले होते. पहिल्या दिवशी तिला रंकाळ्याला फिरवून आणलं. हातात लिंबू, मांडीवर पिशवी, ओठ मिटलेले. गंगावेशीत पुढं म्हशी होत्या. गाडीला आवाज नाही, त्यामुळे म्हशींनी आमची दखलच घेतली नाही, आणि आम्ही त्यांच्या मागं मागं वरातीसारख्या निघालो. अव्वानं काच खाली केली आणि म्हशीवाल्याला विचारलं, “कितवं वेत हाय हिचं?” गाडीत बसलेली अव्वा दुसऱ्या कुणाशी आपणहून बोलली, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. रंकाळ्यावर कणीस खाल्लं, घरी आलो, पिशवी कोरडी. त्या लिंबाचं संध्याकाळी आम्ही सरबत करून प्यायलो. मी मनात म्हटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं, अव्वा, रविवारी वारणानगर? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “जोतीराम म्हनतोय हिला इंजिनच न्हाय. मधीच ऱ्हायली तर?”

मग माझ्या लक्षात आलं. गल्लीतला एकूण एक गैरसमज या बाईनं लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवला होता. लागेल तसा काढत होती. मार्चमध्ये भारनियमन. एप्रिलमध्ये बॅटरी उन्हानं फुटते, चिमणाबाईच्या भाच्यानं ऐकलंय. वाटेत वाठारजवळ चढ आहे, तो गाडी चढत नाही. वळीव आला तर शॉक. मी एकेकाला उत्तर देत गेले. चढ आम्ही दोघी जाऊन चढून आलो. भर वळवात मी तिच्या देखत गाडीला टेकून भिजत उभी राहिले, सर्दी झाली ती वेगळी. जोतीरामला बोलावून तिच्यासमोर मोटर दाखवली. तेव्हा तो म्हणाला, “हाय की वो, पर ल्हान हाय,” आणि बॅटरीत पाणी घालावं लागतं हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, कारण कुठल्याही गाडीत काहीतरी ओतावं लागतं हा त्याचा धर्म आहे. प्रत्येक सबब गळून पडली की अव्वा दोन दिवस गप्प बसायची आणि तिसऱ्या दिवशी नवी काढायची. मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. गल्लीचे प्रश्न खरे प्रश्न होते, चुकीचे असले तरी. अव्वाला मात्र कुठल्याच उत्तराची गरज नव्हती.

आणि मग तुम्ही दोघी मे महिन्यात आलात. आता सांगते ते तुला माहीत नाही. तू महाद्वार रोडला गेली होतीस, पोरीची शाळेची पिशवी आणायला. गाडी चार्जिंगला लावलेली होती. संघप्रिया दारात खेळता खेळता गाडीजवळ गेली आणि तिनं बॉनेटवर हात ठेवला. गाडी उन्हात चमकत होती, कुणीही ठेवला असता. चिमणाबाई समोरून ओरडली, “ए पोरी, शिवू नगं! शिवू नगं म्हनतो न्हवं!” तिचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तिला खरंच वाटत होतं पोर चिकटेल. पण संघप्रियानं हात असा मागं घेतला, अक्षू, आणि दोन्ही हात फ्रॉकच्या मागं लपवून उभी राहिली. रडली नाही. मी दुकानातून उठेपर्यंत अव्वा बाहेर आली होती. नुकती अंघोळ झालेली, केस ओले, पाय ओले, पायात काही नाही. गल्लीच्या सगळ्या शास्त्राप्रमाणे तिनं तिथं जळून खाक व्हायला हवं होतं. तिनं गाडीवर हात ठेवला. बोट लावून पाहिलं असं नाही, अख्खा तळवा टेकवला. मग दुसरा टेकवला. मग संघप्रियाचा हात फ्रॉकमागून ओढून काढला, आपल्या हाताशेजारी ठेवला आणि म्हणाली, “बग. काय बी हुत न्हाय. उगंच सांगत्यात.” चिमणाबाई म्हणाली, “अव्वा, पाय वल्लं हाईत की तुमचं!” अव्वा म्हणाली, “असू देत.” आज्जी आणि नात तशाच उभ्या राहिल्या, गाडीला टेकून. संघप्रिया हसायला लागली, म्हणाली, “अज्जी, गार लागतंय.” मी परत दुकानात गेले. गिऱ्हाईक उभं होतं आणि मला डबा काही केल्या सापडेना.

तुला त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, कारण अव्वानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. तुम्ही गेल्यावर दोन-तीन दिवसांनी ती जेवताना एकदम म्हणाली, “पोरगीनं हात कसा मागं घेतला बगितलास? भाजल्यावानी.” मी हूं म्हटलं. “कुनी शिकीवलं तिला?” मी म्हटलं, कुणी नाही, ओरडलं की मुलं घाबरतात. तिनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाली, “माझ्या दारात शिकली.” एवढंच. मी तिला समजावायला गेले नाही. तिच्या ताटात गरम भाकरी वाढली.

त्यानंतर सबबी थांबल्या. भारनियमन तेच, चढ तोच, पाऊस तर आता तोंडावर, पण अव्वा त्याबद्दल चकार शब्द काढेना. मी पण विचारलं नाही. तिला ढकललं की ती मागं सरते, हे एवढ्या वर्षांत शिकले आहे. आणि काल सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूती, गळ्यातलं लिंग पदराआड सारत ती दुकानात आली. ऑइलच्या दुकानात, अक्षू, तीही नाकाला पदर न लावता. म्हणाली, “आईतवारी निगायचं काय वारनेला?” मी डबे मोजत होते ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. म्हटलं, जाऊ की. पण पूजेचं कसं करायचं सकाळी, तिथं? ती म्हणाली, “देव गळ्यातच हाय. त्याला काय गाडी लागत न्हाय.” मग पदर नीट करत, “पानी तिथलंच घ्यायचं.”

तेव्हा हे पत्र कामाचं आहे, आणि कामं अशी. एक, तुमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ पॉवर प्लग आहे का बघ. नसला तर नागसेनला बसवून घ्यायला सांग, अर्थिंग चांगलं पाहिजे. वायर मी आणते आहे. कॉलनीत कुणी शिवू नका म्हणालं, तर संघप्रिया बघून घेईल. दुसरं, अव्वानं विचारलं आहे की तुमच्या हॉलमधल्या बुद्धाच्या फोटोला हार केवढा लागतो. मी म्हटलं, मी शंभरदा पाहिलाय, अंदाजानं घेऊ. तिला अंदाज नको, माप हवं आहे. तेव्हा दोरा लावून माप घे आणि फोनवर सांग; फोन तीच उचलेल. "नागसेनला गुळाची पोळी चालतीया का" हेही विचारलं आहे. पावणं नाही म्हणाली, नागसेन म्हणाली. तू यावर फार रडत बसू नकोस, आणि ती आल्यावर तर अजिबात नको. भाकरी टाक, बोलत राहा, नेहमीसारखं भांड. आणि आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी हे पत्र अव्वाला न दाखवता लिहिते आहे. जाऊन-येऊन एका चार्जिंगमध्ये अगदी काठावर बसतं, आणि काठावर मी गाडी चालवत नाही, म्हणजे मुक्काम आलाच. काल जाता जाता तिनं विचारलं, “तिथं गेल्यावर परत भरायला किती येळ लागतोय?” एका रात्रीत भरते. हे मी जोतीरामला, चिमणाबाईला, अख्ख्या उद्यमनगरला ओरडून ओरडून सांगितलं आहे, आणि अव्वा ते खिडकीतून रोज ऐकते आहे. पण तोंडातून निघून गेलं, “दोन रात्री लागतात.” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. संध्याकाळी आत गेले तर कॉटवर तिची पिशवी भरून ठेवलेली, आणि तिच्यात इरकलची तीन लुगडी. तेव्हा नागसेनला सांग, तू केमिस्ट आहेस हे मला माहीत आहे, पण हा हिशेब करू नको. एवढा एक गैरसमज राहू दे.

रविवारी जेवायला येणारी, तुझीच,
शांभवीअक्का